नांगरले म्हणजे कुंदा गेला असे नाही

(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या सत्रातील भाषण. गर्भपिशवीच्या तोंडावरील कर्करोगपूर्व जखमेवर उपचार झालेल्या बायकांविषयी.)



सकाळी कापसाचे बोलणे झाले, जेवणानंतर पीकविम्याचे होईल. मधल्या तासात बायकांच्या आजाराचा विषय आहे असे कळताच मागच्या रांगेतील काही भाऊ चहाला उठू लागले. त्यांना हात जोडून परत बसवले आहे. आजार बायकांचा असला तरी त्यातला निम्मा निर्णय पुरुषाच्या हातात असतो. एसटीचे भाडे कोण देतो, रोज बुडवायची परवानगी कोण देतो, आणि डॉक्टर 'पिशवी काढा' म्हणाला की कागदावर सही कोण करतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आम्ही डॉक्टर नाही. शेतकीची पदवी घेतली, पिकांवरील रोगकिडींचे काम केले आणि मग या कामात पडलो. त्यामुळे औषध कोणते घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. सांगायचे आहे ते एवढेच की, ज्या बाईवर उपचार होऊन गेला, तिचा रोग परत कधी येतो, कोणाला जास्त येतो, आणि तो वेळेत पकडायचा कसा.

हा विषय काढायचे कारण असे. गावोगाव फिरताना बायका भेटतात. शिबिरात तपासले, पांढरा डाग दिसला, मशीनने शेक दिला, 'बरे झाले' म्हणाले. परत कधी बोलावले? 'ते काही ध्यानात नाही.' कागद कुठे आहे? 'होता, पत्र्याच्या पेटीत असेल.' गोठ्यातल्या जनावराच्या कानात आता बारा आकडी बिल्ला असतो. त्याला लस कधी टोचली ते सरकारच्या संगणकात सापडते. घरच्या लक्ष्मीची नोंद मात्र पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीत उंदीर!

आधी रोग समजून घेऊ. गर्भपिशवीच्या तोंडावर एचपीव्ही नावाचा विषाणू बसतो. या विषाणूमुळे तेथे कर्करोग होतो हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, पण म्हणून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. तो इतका सर्वत्र आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतो. बहुतेकींचे शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकून लावते. काही जणींच्या अंगात तो मुक्काम ठोकतो, आणि मग तेथल्या पेशी बदलू लागतात. या बदलाला डॉक्टर सीआयएन म्हणतात. त्याच्या एक, दोन, तीन अशा पायऱ्या आहेत. एक नंबरचा बदल बहुधा आपोआप जातो. दोन आणि तीन नंबरवर उपचार करावा लागतो. हा कर्करोग नव्हे, त्याच्या आधीची अवस्था आहे. तेथून कर्करोगापर्यंत जायला साधारण दहा वर्षे आणि त्याहूनही जास्त काळ लागतो. या काळात दुखत नाही, खुपत नाही. बाई कापूस वेचते, ज्वारी काढते, खुडते, आणि तिला काही कळत नाही.

उपचार न करता नुसते बघत बसले तर काय होते, याचा एक लाजिरवाणा पुरावा जगात आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात १९६६ पासून काही बायकांचा पुरा उपचार न करता त्यांच्यावर नुसती नजर ठेवली गेली. १९८७-८८ मध्ये त्याची सरकारी चौकशी झाली. पुढे २००८ साली या सगळ्या नोंदींचा हिशोब प्रसिद्ध झाला. तीन नंबरचा बदल असून ज्यांचा फक्त नमुन्यापुरता तुकडा काढला होता, त्यांच्यातल्या शंभरपैकी ३१ जणींना तीस वर्षांत कर्करोग झाला. ज्यांच्या अंगात हा बदल दोन वर्षांनंतरही टिकून होता, त्यांच्यातल्या शंभरपैकी पन्नास जणींना झाला. आणि ज्यांच्यावर नीट उपचार झाला, त्यांच्यात शंभराला एकही पुरती भरली नाही, ०.७ टक्के.

म्हणजे उपचार चांगलाच आहे. शेक, गोठवणे किंवा तारेने काप काढणे, यांपैकी काहीही झाले असेल त्या बहिणीने घाबरायचे कारण नाही. पण या हिशोबातला मधला आकडा पुन्हा पाहा. दोन वर्षांनंतरही बदल टिकून राहिला तर निम्म्या बायका. तो टिकला आहे की गेला, हे बाईला स्वतःला कळत नाही. ते तपासूनच कळते. शिबिराचा फलक उतरवला जातो, जीप निघून जाते, आणि फेरतपासणीचे काम राहून जाते. आमचे भांडण त्याच्याशी आहे.

आता रोग परत कोणाला येतो ते पाहू. सगळ्या देशांतला हिशोब धरला तर काप काढून उपचार झालेल्या शंभर बायकांत सहा-सात जणींना दोन किंवा तीन नंबरचा बदल राहतो किंवा परत येतो. २०१७ साली ९७ अभ्यास एकत्र करून, चव्वेचाळीस हजारांवर बायकांचा हा हिशोब मांडला गेला. मग त्या सहा-सात जणी कोण?

वऱ्हाडातल्या भावांना कुंदा सांगायला नको. काळ्या रानात कुंदा असला की वरून पास मारून भागत नाही. खणून काढला, पण धुऱ्याच्या कडेला कांडी राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात तो तेथूनच चालत येतो. काप काढण्याच्या उपचाराचे तसेच आहे. विजेच्या तारेने रोगट भाग काढतात आणि तो तुकडा प्रयोगशाळेत जातो. तुकड्याच्या कडेपर्यंत रोगट पेशी दिसल्या, तर आत काही राहिले असण्याचा संभव. अहवालात त्याला 'मार्जिन पॉझिटिव्ह' लिहितात. ज्यांची कड साफ होती, त्यांच्यात शंभराला चार जणींना रोग परत आला. ज्यांची कड साफ नव्हती, त्यांच्यात सतरा जणींना.

हे सतरा नीट ऐका. सतरा जणींना आला म्हणजे त्र्याऐंशी जणींना आला नाही. कड साफ नाही, म्हणून उद्याच पिशवी काढा असा याचा अर्थ होत नाही. अर्थ इतकाच की या बाईची फेरतपासणी कोणत्याही कारणाने चुकता कामा नये.

दुसरी गोष्ट टारफुल्याची. ज्वारीत टारफुला दिसला म्हणजे उपटून टाकतो. पण एका झाडाचे हजारो दाणे मातीत पडलेले असतात आणि ते वर्षानुवर्षे जिवंत राहतात. उपटलेले दिसते, मातीतले दिसत नाही. उपचारानंतरही विषाणू राहिला का, हा प्रश्न मातीतल्या दाण्याचा आहे. परत येणाऱ्या रोगाचे सगळ्यात पक्के लक्षण हेच. वर सांगितलेल्या हिशोबात असे निघाले की, ज्यांचा रोग परत आला त्या शंभरपैकी एक्क्याण्णव जणींना उपचारानंतरच्या विषाणूच्या तपासणीने आधीच ओळखले होते. कडेच्या अहवालाने छप्पन्नच ओळखल्या. आणि उपचारानंतर विषाणू सापडलाच नाही, अशा बाईला रोग परत येण्याचे प्रमाण शंभराला एकाहूनही कमी. विषाणूच्या जातींत सोळा नंबरची जात सगळ्यात खोडकर. ती टिकून राहिली तर जास्त सावध.

तिसरे कारण म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती. एचआयव्ही असलेल्या बहिणींना हा विषाणू सहज सोडत नाही. केनियात अशा चारशे बायकांवर झालेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर गोठवण्याचा उपचार केला, त्यांच्यात दोन वर्षांत शंभराला तीस जणींना गंभीर बदल परत आला. ज्यांच्यात तारेने काप काढला, त्यांच्यात एकोणीस. दोन्ही आकडे साध्या बायकांपेक्षा कितीतरी मोठे आहेत. आपल्या भागात नवरा वारलेल्या, एआरटी केंद्रातून गोळ्या आणणाऱ्या बहिणी आहेत. त्या गोळ्यांसाठी ठरल्या दिवशी न चुकता जातात. त्याच फेरीत 'माझ्या पिशवीच्या तोंडाची तपासणी केव्हा?' असे त्यांनी विचारावे. आणि गावाने त्यांच्याकडे बघण्याची नजर थोडी सुधारावी, म्हणजे त्या विचारतील तरी!

चौथे, वय. स्वीडन देशात १९५८ ते २००२ या काळात तीन नंबरचा बदल आढळलेल्या एक लाख बत्तीस हजार बायकांच्या नोंदी तपासल्या. इतर बायकांपेक्षा त्यांच्यात पुढे या जागी कर्करोग होण्याचे प्रमाण दुपटीहून जास्त निघाले, आणि ही जोखीम पंचवीस वर्षे टिकून राहिली. वय जास्त असताना, विशेषतः पन्नाशीनंतर उपचार झालेल्यांत ती अधिक. याचे एक कारण असे की, पाळी जायच्या वयाला ज्या जागी पेशी बदलतात ती जागा आतल्या बाजूला सरकते. व्हिनेगरसारखे पाणी लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या तपासणीत ती दिसतच नाही. 'माझी पाळी गेली, आता मला कशाला?' म्हणणाऱ्या काकूंनाच याची खरी गरज आहे.

बिडी-सिगारेटच्या धुरानेही जोखीम वाढते. आपल्याकडच्या बायका बिडी कमी ओढतात. मिश्री मात्र लावतात आणि ती तोंडाच्या कर्करोगाला बोलावते, म्हणून तीही सोडलेलीच बरी.

गोठवण्याच्या आणि शेकण्याच्या उपचाराची एक अडचण सांगून हे संपवतो. त्यात तुकडा हाती येत नाही. रोगट भाग जागेवरच मारला जातो. म्हणजे प्रयोगशाळेत पाठवायला काही नाही, कड साफ होती की नव्हती ते कोणी सांगू शकत नाही. शिबिरात सहसा हाच उपचार होतो, कारण तो स्वस्त आहे, भूल लागत नाही आणि प्रशिक्षित परिचारिकाही तो करू शकते. आमचा त्याला विरोध नाही, उलट त्यामुळेच तो खेड्यापर्यंत पोचला. पण अशा बाईसाठी बारा महिन्यांनंतरची तपासणी हाच एकमेव पुरावा उरतो.

आता ज्यामुळे रोग परत येत नाही त्याचेही सांगतो, कारण सासवा नाही नाही ते सांगतात. वाकून निंदल्याने, शेणाची पाटी उचलल्याने, आंबट खाल्ल्याने हा रोग परत येत नाही. उपचारानंतरचे चार आठवडे मात्र जपायचे. पाण्यासारखा स्राव जातो, तो जाणारच. या चार आठवड्यांत नवरा-बायकोने संबंध ठेवू नयेत. राहवत नसेल तर निरोध वापरावा. हे आम्ही भावांकडे बघून सांगत आहोत.

यानंतरचा मुद्दा पिशवी काढण्याचा आहे आणि तो आम्ही थोडा रागाने मांडणार आहोत.

मराठवाड्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रकार २०१९ साली देशभर गाजला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यात ब्याऐंशी हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते अशी तक्रार घेऊन बाई जायची आणि 'पिशवी सडली, नाही काढली तर कॅन्सर होईल' हे ऐकून परत यायची. पुढे उचल, व्याज आणि ऑपरेशन. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा ते साध्या जंतूचे असते आणि गोळ्यांनी बरे होते. कर्करोगाच्या भीतीचा धंदा होऊ शकतो, कारण भीती खरी आहे आणि माहिती नाही.

आता ज्या बाईला शिबिरात डाग सापडला आणि शेक दिला, ती या धंद्याला सगळ्यात सोपी सापडते. तिच्या कानावर 'कॅन्सरच्या आधीचे' हे शब्द पडलेले असतातच. कोणी म्हणाले, 'कशाला झंझट, एकदाची पिशवीच काढून टाक', की घरच्यांना ते पटते. झाडच तोडले की रोगाला जागा उरणार नाही, हे बोलणे ऐकायला बरोबर वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. या रोगापायी पिशवी काढली तरी आत वरच्या टोकाला, जेथे टाके घालतात तेथे, हाच बदल परत येऊ शकतो, कारण विषाणू पिशवीपुरता थांबत नाही. स्वीडनच्या त्याच नोंदींत योनीमार्गाच्या कर्करोगाचे प्रमाण या बायकांमध्ये सुमारे सातपट निघाले. हा रोग मुळात विरळा आहे, म्हणून सातपट ऐकून घाबरू नका. पण पिशवी काढली म्हणून तपासणीतून सुटका झाली, असे समजणारी बाई मात्र फसते. तिलाही परत तपासून घ्यावेच लागते. आणि पिशवीबरोबर अंडाशयेही काढली असतील तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात. काही बायकांना पिशवी काढणे खरोखर लागते, ते आम्ही नाकारत नाही. तेव्हा सहीच्या आधी दोन गोष्टी मागायच्या. तुकडा तपासल्याचा लेखी अहवाल दाखवा, आणि तो घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला विचारून येतो, तोवर थांबा. दोन्हीला जो नाही म्हणतो, त्याच्या दवाखान्यातून पायात चप्पल घालून बाहेर पडायचे.

हे सगळे परदेशातले झाले, आमच्याकडचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्याच ज्वारीच्या मुलखातला दाखला देतो. तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ पासून तेथल्या ४९७ गावांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजार बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी तो केला. गावांचे चार गट पाडले. एका गटाची विषाणूची तपासणी केली, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची पाणी लावून डोळ्यांनी, आणि चौथा गट तुलनेसाठी तसाच ठेवला. ज्यांच्यात बदल सापडला त्यांच्यावर उपचार केला. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. आठ वर्षांत तसाच ठेवलेल्या गटात या कर्करोगाने ६४ बायका गेल्या, विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४. विषाणूची तपासणी एकदाच झाली होती, तरी मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना तपासणीविना का ठेवले, यावर पुढे डॉक्टरांमध्येच कडक टीका झाली आणि ती आम्हाला योग्य वाटते. त्या चौसष्ट जणी आपल्याच होत्या. जगातल्या धोरणाला आधार देणारी माहिती आपल्या कोरडवाहू गावांतल्या बायकांनी दिली. त्याच तपासण्या आज त्यांना तालुक्याला मिळाव्यात, ही मागणी म्हणजे भीक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय बायकांत या रोगाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनही निघाल्या नाहीत.

फेरतपासणी कधी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे की, उपचारानंतर बारा महिन्यांनी, आणि मिळत असेल तर विषाणूचीच तपासणी करावी. विषाणू नसला तर बाई नेहमीच्या तपासणीच्या क्रमात परत येते. एचआयव्ही असेल तर आणखी बारा महिन्यांनी पुन्हा एकदा करून मगच. विषाणू सापडला तर दुर्बिणीने पाहतात आणि लागले तर परत उपचार करतात. ही तपासणी तालुक्याला मिळत नसेल, तर पॅप स्मिअर किंवा डोळ्यांनी पाहण्याची तपासणी करून घ्यावी. चांगली मिळत नाही म्हणून कोणतीच नको, असे करू नये. आणि बारा महिन्यांच्या आत संबंधानंतर रक्त गेले, पाळी नसताना रक्त गेले, दुर्गंधीचे पाणी गेले, तर तारखेची वाट पाहायची नाही.

लसीबद्दल बरेच जण विचारतात. लस मुलींसाठी आहे, विषाणू अंगात शिरण्याआधी. अंगात शिरलेल्याला ती काढत नाही. उपचार झालेल्या बाईला लस दिल्याने रोग परत येणे कमी होते का, यावर अभ्यास झाले आहेत, पण त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा त्यासाठी कोणी कर्ज काढू नये. लेकीला मात्र जरूर द्यावी.

आता कामाचे. शिबिरे दिवाळीनंतर होतात, म्हणजे बारा महिने भरतात ते ऐन वेचणीत. वेचणीत कोणती बाई रोज बुडवून जिल्ह्याला जाईल? म्हणून आमची पहिली मागणी अशी की, उपचार झालेल्या बायकांची फेरतपासणी उलंगवाडीनंतर आणि रबी ज्वारी घरात आल्यावर, अक्षय तृतीयेच्या आसपास, ग्रामीण रुग्णालयात ठरल्या दिवशी व्हावी. चार-पाच महिने उशीर झाला तरी अजिबात न होण्यापेक्षा तो परवडेल. ज्यांची कड साफ नव्हती किंवा ज्यांना एचआयव्ही आहे, त्यांनी मात्र वेचणी सोडून वेळेवर जायचे. दुसरी मागणी, शिबिराने लेखी कागद द्यावा. बदल किती नंबरचा होता, उपचार कोणता केला, कोणत्या तारखेला केला, कड साफ होती का, आणि परत कधी यायचे, हे मराठीत लिहून. तिसरे काम सरकारचे नाही, आपले आहे. महिला आघाडीने गावात एक वही ठेवायची. तीत नाव आणि तारीख एवढेच. रोगाचे नाव लिहायचे नाही, वही पारावर ठेवायची नाही, ती एकाच विश्वासू बाईजवळ राहील. तारीख आली की दोघी-तिघींनी मिळून एका गाडीने जायचे. गाडीचे डिझेल गावातल्या आपल्या शाखेने द्यावे, असा ठराव आजच्या बैठकीपुढे आहे.

ठरावाला अनुमोदन द्यायला एक पुरुष आणि एक बाई असे दोघे उठावेत. कागदाचा नमुना सायक्लोस्टाइलवाल्या काळासारखा हाताने लिहून आणला आहे, दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. प्रत्येक तालुक्याने दहा-दहा प्रती घेऊन जाव्यात. झेरॉक्सचे पैसे टेबलावरच द्यायचे आहेत.